एकोणतिसाव्या लेव्हलची भिंत

निन्टेंडो कंपनीने १९८९च्या अखेरीस आपल्या घरगुती यंत्रासाठी टेट्रिसची कॅसेट अमेरिकेच्या बाजारात आणली. खेळ मूळचा मॉस्कोचा. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४मध्ये तो ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर लिहिला होता. वरून चार-चार चौकोनांचे तुकडे पडतात, ते फिरवून बसवायचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते आणि ढीग माथ्याला टेकला की खेळ संपतो. नव्वदच्या दशकात भारतात ज्यांनी हातात मावणारा ‘ब्रिक गेम’ खेळला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. निन्टेंडोच्या आवृत्तीत मात्र एक जागा अशी होती की तिथे जगातले उत्तमोत्तम खेळाडू जवळजवळ तीस वर्षे अडून राहिले. ती जागा म्हणजे २९वी लेव्हल. तिथे अडण्याचे कारण काय होते आणि ती अखेर कशी ओलांडली गेली, हा कौशल्याच्या इतिहासातला चांगला नोंदला गेलेला प्रसंग आहे.

आधी थोडा हिशेब. स्पर्धेतला खेळाडू सुरुवातच १८व्या लेव्हलपासून करतो. तिथे तुकडा तीन फ्रेममध्ये एक घर खाली येतो. टीव्हीवर सेकंदाला साठ फ्रेम आणि चौकट वीस घरे उंच, म्हणजे माथ्यापासून तळापर्यंत यायला एक सेकंद. १३० ओळी झाल्या की १९वी लेव्हल लागते आणि तिथून दर दहा ओळींना पुढची. १९ ते २८ या टप्प्यात तुकडा दोन फ्रेमला एक घर उतरतो. २३० ओळी झाल्या की २९वी लेव्हल येते आणि वेग एकदम दुप्पट होतो. दर फ्रेमला एक घर, तळ गाठायला सेकंदाचा तिसरा हिस्सा.

एवढ्या वेळात तुकडा कडेला नेता आला पाहिजे, आणि खरी अडचण तिथे होती. बटण दाबून धरले की तुकडा आपोआप सरकतो. पण यंत्र आधी सोळा फ्रेम थांबते आणि मग दर सहा फ्रेमला एक घर सरकवते. सुरुवातीची सोळा फ्रेमची खोटी चुकवायला कसलेले खेळाडू शिकले. एक तुकडा बसता बसता बटण योग्य क्षणी दाबून ठेवायचे आणि साठलेला ‘चार्ज’ पुढच्या तुकड्याला द्यायचा, ही त्या काळची सर्वांत मोलाची हातोटी. सहा फ्रेमचा ठोका मात्र कोणालाच चुकवता येईना. वीस फ्रेमला सहाने भागले तर तीन-चार घरे पदरात पडतात. चौकट दहा घरे रुंद, तुकडा मधोमध उतरतो आणि कडेला जायला चार-पाच घरे सरकावे लागते. त्यात खाली थोडाही ढीग असला की वीस फ्रेमसुद्धा मिळत नाहीत. दोन्ही कडांना खाचा राहतात, मधला ढीग वाढतो आणि काही सेकंदांत खेळ आटोपतो. खेळाडूंनी या लेव्हलचे नाव ‘किल स्क्रीन’ ठेवले, म्हणजे जिथे यंत्रच माणसाला मारते ती जागा. हे नाव चुकीचे होते. पण ते चुकीचे आहे हे सिद्ध व्हायला दशके जावी लागली.

शिकताना प्रगती मध्येच थबकते, हे मानसशास्त्राला टेट्रिसच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९मध्ये तारखात्यातल्या उमेदवारांवर निबंध प्रसिद्ध केले. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून संदेश उतरवून घेण्याचा वेग आठवड्यामागून आठवडे मोजल्यावर त्यांना दिसले की आलेख आधी चढतो, मग बराच काळ आडवा पडतो आणि पुन्हा एकदम चढतो. मराठीतल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याच आडव्या टप्प्याला ‘पठारावस्था’ म्हणतात. ब्रायन-हार्टर यांचे स्पष्टीकरण असे, की उमेदवार आधी सुटी अक्षरे ऐकायला शिकतो, नंतर अख्खे शब्द, नंतर वाक्यांचे तुकडे. खालची सवय पुरती अंगवळणी पडेपर्यंत वरची सवय धरत नाही, आणि त्या मधल्या काळात वरवर पाहता काहीच घडत नसते. हे स्पष्टीकरण सर्वांना पटले असे नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवण्याचे काम केलेल्या फ्रेड केलर यांनी १९५८मध्ये ‘भासमान पठार’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. पठार हा शिकण्याचा अटळ नियम नसून शिकवण्याच्या आणि सरावाच्या पद्धतीतून ते उपजते, असा त्यांचा रोख होता. टेट्रिसचा पुढचा इतिहास पाहिला तर केलर यांच्या बाजूने बरेच बोलता येते.

२९वी लेव्हल ओलांडण्याचा उपाय अगदी सुरुवातीलाच सापडला होता, ही या कथेतली सर्वांत विचित्र गोष्ट. निन्टेंडोने १९९०मध्ये अमेरिकाभर फिरती स्पर्धा घेतली आणि तिची अंतिम फेरी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत झाली. सहा मिनिटे एकवीस सेकंदांत तीन खेळ खेळायचे होते: ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पन्नास नाणी, ‘रॅड रेसर’मधली एक शर्यत आणि उरलेल्या वेळात टेट्रिस. टेट्रिसच्या गुणांना पंचविसाने गुणत असल्यामुळे निकाल तिथेच लागायचा. मधल्या वयोगटात थॉर अॅकरलंड हा मुलगा जिंकला. तो बटण दाबून धरत नसे. हाताचे स्नायू ताणून बोट थरथरवायचा आणि बटण एकेकदा, पण विलक्षण वेगाने दाबायचा. यंत्राचा सहा फ्रेमचा ठोका फक्त दाबून धरलेल्या बटणाला लागू होता. प्रत्येक दाब स्वतंत्र असेल तर तुकडा बोटाच्या वेगाने सरकतो. या पद्धतीला पुढे ‘हायपरटॅपिंग’ म्हणू लागले. अॅकरलंड ३०व्या लेव्हलपर्यंत गेला होता. ती लेव्हल यंत्राच्या पडद्यावर ३० म्हणून दिसत नाही, ‘००’ म्हणून दिसते, कारण तिथवर कोणी येईल असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाच वाटले नव्हते.

एवढी मोठी गोष्ट पसरली का नाही? एक कारण शारीरिक आहे. अशी थरथर सर्वांना जमत नाही, आणि जमली तरी हात लवकर थकतो. दुसरे कारण जास्त वजनदार वाटते. १९९०मध्ये एका गावातल्या मुलाचे बोट कसे हलते हे दुसऱ्या गावातल्या मुलाने पाहण्याची सोयच नव्हती. मासिकांत गुणसंख्या छापून येई, हात छापून येत नसे. ज्याला ही युक्ती सापडली त्याच्यापाशीच ती राहिली आणि बाकीच्यांनी २९वी लेव्हल हाच शेवट मानून आपला खेळ रचला.

तो खेळ कमी प्रतीचा होता असे मात्र मुळीच नाही. २३० ओळींनंतर सगळे संपणार हे धरून चालले, तर परीक्षेच्या वेळेसारख्या या ओळीही मोजून मिळालेल्या असतात आणि प्रत्येक ओळीतून जास्तीत जास्त गुण काढणे एवढेच हाती उरते. १८व्या लेव्हलला एक ओळ काढली तर ७६० गुण मिळतात. लांब दांडा उभा घुसवून चार ओळी एकदम काढल्या तर २२,८००. म्हणजे सुट्या चार ओळींच्या साडेसात पट. त्यामुळे उजवीकडचा एक स्तंभ मोकळा ठेवून बाकीचा ढीग सपाट रचायचा आणि दांड्याची वाट पाहायची, अशी शैली घडली. या आवृत्तीत दांडा वेळेवर मिळण्याची खात्री नसते. कधी कधी तीस-तीस तुकडे दांडा येत नाही, आणि त्या दुष्काळात ढीग सांभाळणे ही नजरेची आणि धीराची कसोटी असते. पडद्यावर गुणांना सहाच आकड्यांची जागा आहे, म्हणून ९,९९,९९९ हे शिखर ठरले. त्याचा पहिला पुराव्यानिशी मान्य झालेला मानकरी हॅरी हाँग, साल २००९.

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये पहिली ‘क्लासिक टेट्रिस’ जागतिक स्पर्धा भरली, आणि दोन वर्षांनी ती ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला जुन्या व्हिडिओ गेमच्या जत्रेत स्थिरावली. जोनास नॉयबाउअर यांनी २०१० ते २०१३ आणि २०१५ ते २०१७ अशी सात विजेतेपदे मिळवली. मधल्या २०१४ सालचे हाँग यांनी पटकावले. बटण दाबून धरण्याच्या पद्धतीत नॉयबाउअर यांच्या हाताला तोड नव्हती. चार्ज कधी वाया जात नसे, ढीग कधी खडबडीत होत नसे. स्पर्धेवर ‘एक्स्टसी ऑफ ऑर्डर’ हा माहितीपट २०११मध्ये आला, त्यात अॅकरलंडही आहेत. म्हणजे हायपरटॅपिंग आता गुपित राहिले नव्हते. तरीही आघाडीचे बहुतेक खेळाडू जुन्याच पद्धतीवर राहिले आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत दहा-वीस वर्षे घालवलेल्या माणसाने नवी पद्धत धरली, तर पहिले काही महिने तो स्वतःच्याच जुन्या गुणांच्या खूप खाली खेळतो. विजेत्याला हे परवडत नाही. हरणाऱ्यालाही परवडत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा असते.

नेमकी हीच गोष्ट न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलिअर संस्थेतील वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेड यांनी २०१७मध्ये शास्त्रीय भाषेत मांडली. त्यांनी कौशल्याच्या आलेखात तीन गोष्टी शोधाव्यात असे सुचवले: पठार, घसरण आणि झेप. खेळाडू नवी पद्धत आजमावू लागला की गुण आधी घसरतात. पद्धत खरोखर चांगली असेल तर नंतर ते पूर्वीच्या पातळीच्याही वर जातात. सगळ्या खेळांची सरासरी काढली तर ही घसरण सपाट होऊन दिसेनाशी होते, आणि संशोधक जिथे शोध लागतो आहे तीच जागा नजरेआड करतात. त्यांनी दुसराही एक भेद केला. माणसाच्या शरीराची किंवा यंत्राची खरी सीमा वेगळी आणि वापरात असलेल्या पद्धतीची सीमा वेगळी. दुसरी सीमा पठारासारखीच दिसते, पण पद्धत बदलली की नाहीशी होते. २९वी लेव्हल यांपैकी कोणती, याचे उत्तर एका वर्षाने मिळाले.

२०१८च्या अंतिम सामन्यात नॉयबाउअर यांच्यासमोर कॅलिफोर्नियाचा सोळा वर्षांचा जोसेफ सेली होता. कॅसेट बाजारात आली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. तो टेट्रिस यूट्यूबवरच्या सामन्यांतून शिकला आणि सुरुवातीपासून हायपरटॅपिंग करत आला. सेकंदाला बारा ते पंधरा वेळा बोट आपटले तर चार-पाच फ्रेमला एक घर पडते आणि वीस फ्रेममध्ये कड गाठता येते. हिशेब जेमतेम बसतो, पण बसतो. सेलीने सामना ३–० असा जिंकला. पुढच्या वर्षीही तोच विजेता ठरला. २०२०ची स्पर्धा करोनामुळे ऑनलाइन झाली आणि तिच्या अंतिम फेरीत दोन भाऊच समोरासमोर आले. तेरा वर्षांच्या मायकेल आर्टियागाने थोरल्या अँड्र्यूला हरवले. जानेवारी २०२१मध्ये नॉयबाउअर ३९व्या वर्षी वारले. त्यांच्या सामन्यांची चित्रफीत पाहूनच ही मुले खेळाकडे वळली होती.

या मुलांची बोटे जात्याच वेगवान होती म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरेही. त्यांना जुनी सवय मोडावी लागली नाही, हा त्यांचा पहिला फायदा. त्यांना दुसऱ्याचे हात दिसत होते, हा दुसरा. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर खेळाडू बोटांवर कॅमेरा रोखून खेळत, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर एकमेकांच्या चुका काढत आणि दर महिन्याला ऑनलाइन स्पर्धा होत. तिसरा फायदा सरावाच्या साधनांचा. मूळ कॅसेटवर २९व्या लेव्हलचा सराव करायचा तर आधी २३० ओळी काढायला हव्यात, म्हणजे कित्येक मिनिटे खेळून शेवटच्या दहा सेकंदांचा सराव. ‘टेट्रिसजिम’सारख्या, खेळाडूंनीच तयार केलेल्या सराव-आवृत्तीत हवी ती लेव्हल थेट सुरू करता येते, हवा तो प्रसंग पुन्हा पुन्हा घेता येतो. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून अँडर्स एरिक्सन यांनी १९९३मध्ये जे मांडले ते हेच: नुसते तास उपयोगी पडत नाहीत, कच्चा भाग वेगळा काढून त्यावर घाव घालावे लागतात. नव्वदच्या दशकातल्या खेळाडूला इच्छा असूनही तसे करण्याची सोय नव्हती.

हायपरटॅपिंगने भिंतीला खिंडार पडले, पण भिंत उभीच होती. हात थकला की वेग उतरतो आणि वेग उतरला की २९वी लेव्हल पुन्हा जिंकते. खरा फरक २०२०च्या अखेरीस पडला. क्रिस्टोफर मार्टिनेझ या खेळाडूने ‘रोलिंग’ ही पद्धत काढली. तिची प्रेरणा ‘ट्रॅक अँड फील्ड’ या आर्केड खेळातल्या बोटे आपटण्याच्या एका जुन्या युक्तीत होती. रोलिंगमध्ये एक अंगठा बटणावर हलकेच टेकलेला राहतो, जवळजवळ स्थिर. दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर एकामागोमाग आपटतात आणि प्रत्येक टिचकीसरशी कंट्रोलरच अंगठ्यावर येऊन दाबला जातो. तबल्यावर बोटे फिरवणाऱ्याला यातले सोपेपण लगेच कळेल: काम चार-पाच बोटांत वाटले गेले की कोणतेच बोट थकत नाही. वेग मात्र सेकंदाला वीस दाबांच्या पुढे जातो, म्हणजे तीन फ्रेमला एक घर आणि वीस फ्रेममध्ये सहा-सात. आता कड गाठूनही वेळ उरू लागला.

इथे यंत्राची एक गंमत उपयोगी पडली. २९व्या लेव्हलनंतर वेग वाढतच नाही. तिथे टिकता आले तर तत्त्वतः कितीही पुढे जाता येते. रोलिंग शिकणाऱ्यांचे गुण आधी पडले. कंट्रोलर धरण्यापासून सगळे नव्याने शिकायचे होते आणि बोटांवर ताबा येईपर्यंत तुकडे भलतीकडे जात. मग जे झाले त्याला झेपच म्हणावे लागेल. ३० आणि ३५च्या गोष्टी करणारे लोक दीड-दोन वर्षांत शंभराच्या पुढे पोहोचले. मूळ प्रोग्रॅममध्ये रंगांची यादी मर्यादित असल्यामुळे १३८व्या लेव्हलपासून यंत्र भलतीच माहिती रंग म्हणून वाचते. १४६व्या लेव्हलचे तुकडे गडद, तर १४८व्याचे काळ्या पार्श्वभूमीवर जवळपास काळेच. खेळाडूंनी त्यांना ‘डस्क’ आणि ‘चारकोल’ अशी नावे दिली. या अडथळ्यांचा कोणी कट रचला नव्हता. तिथवर कोणी पोहोचणार नाही या गृहीतकाचे ते अवशेष होते. २०२२ची जागतिक स्पर्धा एरिक टोल्ट याने जिंकली, तोही रोलिंग करणाराच.

शेवट कुठे आहे, हे एका प्रोग्रॅमने आधी दाखवले. ग्रेग कॅनन यांचा ‘स्टॅकरॅबिट’ हा टेट्रिस खेळणारा प्रोग्रॅम २०२१मध्ये २३७व्या लेव्हलला पोहोचला आणि तिथे खेळ गोठला. फार वरच्या लेव्हलला गुणांचा हिशेब एका फ्रेमच्या मुदतीत पुरा होत नाही आणि यंत्र भरकटते. जाणकारांनी मूळ प्रोग्रॅम उलगडून कोणत्या लेव्हलला नेमक्या किती ओळी काढल्या तर हे होईल याचा तक्ताच बनवला. पहिली शक्यता १५५व्या लेव्हलला होती. २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरचा तेरा वर्षांचा विलिस गिब्सन, खेळातले नाव ‘ब्लू स्कूटी’, १५५वरची संधी हुकूनही खेळत राहिला आणि १५७व्या लेव्हलला एक ओळ काढताच पडदा गोठला. सुमारे ३८ मिनिटांत १,५११ ओळी. माणसाने यंत्राला गोठवल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर गोठणे टाळण्यासाठी दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर ऑक्टोबर २०२४मध्ये मायकेल आर्टियागाने २५५वी लेव्हल पार केली आणि आकडा पुन्हा शून्यावर आला. वाटेतली २३५वी लेव्हल प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे दहा नव्हे तर ८१० ओळींची होती.

स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे यातून उलटाच पेच उभा राहिला. खेळाडू मरेनातच, तर सामना संपायचा कसा? तीन-तीन तास चालणारे सामने कोणी पाहत नाही, आणि दोघांपैकी कोण आधी थकतो याची परीक्षा घेणे हा काही टेट्रिसचा उद्देश नव्हे. दरम्यान जुन्या पद्धतीने, बटण दाबून धरून खेळणाऱ्यांसाठी वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि हे योग्यच झाले. त्या पद्धतीतली चार्ज सांभाळण्याची कला रोलिंगमध्ये लागतच नाही. खुल्या स्पर्धांत बदललेली कॅसेट वापरू लागले. तिच्यात ३९व्या लेव्हलला वेग पुन्हा दुप्पट होतो, दर फ्रेमला दोन घरे. तुकडा दहा फ्रेममध्ये तळाला येतो आणि सेकंदाला वीस वेळा रोल करणाऱ्यालाही त्यात तीन-चार घरेच सरकता येते. तूर्त तरी हा नियम सामने वेळेत संपवण्याचे काम चोख करतो.